घुबड शांत झोपलं तेव्हा

१

“साहेब, तुम्ही शेवटचं शांत झोपलात कधी?”

प्रश्न खरं तर तोफेचा नव्हताच, तिच्या मैत्रिणींचा होता. शाळेनं वरच्या वर्गातल्या मुलांना एक काम लावून दिलं होतं. आठवडाभर आईच्या नाहीतर बाबांच्या कामाच्या जागी बसायचं, जे दिसेल ते बघायचं आणि तिथल्या सगळ्यात मोठ्या माणसाची मुलाखत घ्यायची. तोफेची आई वकील. एकटीदुकटी नव्हे, वकिलांच्या भल्यामोठ्या कंपनीत भागीदार. पहिला दिवस संपवून आल्यावर तोफेनं मैत्रिणींना सांगितलं होतं, “अगं, तिथं सगळ्यांच्या डोळ्यांखाली पिशव्या लोंबतात. मोठ्या साहेबांच्या पिशवीत तर आठवड्याची भाजी मावेल!”

“मग विचार की त्यांना, शेवटचं कधी झोपलात.”

“विचारीन!”

“विचारलंस तर तू खरी तोफ. नाहीतर परत मुखदुर्बळ.”

मुखदुर्बळ हा शब्द तोफेला झोंबायचा. मागच्या वर्षापर्यंत ती तशीच होती. वर्गात नाव पुकारलं तरी ‘हजर’ म्हणताना तिला घाम फुटायचा. मग एकदा वादविवादाच्या स्पर्धेत आयत्या वेळी कुणीतरी आजारी पडलं, बाईंनी हिला ढकललं, आणि आत कोंडलेलं सगळं एकदम सुटलं. तेव्हापासून ती तोफ. तोफेनं पैज लावली की ती डागल्याशिवाय राहत नाही.

पण आज डागायची वेळ चुकली होती. मोठ्या साहेबांच्या खोलीत शिरताच तिला ते कळायला हवं होतं. टेबलावरचा चहा साय धरून थंड पडला होता. कोपऱ्यात आई उभी होती, खुर्चीची पाठ गच्च धरून. साहेबांचा फोन पालथा पडला होता.

साहेबांनी मान वर केली. ते रागावले नाहीत. रागवायलाही अंगात थोडी ताकद लागते.

“काल,” ते म्हणाले. “काल झोपलो होतो पोरी. आज सकाळी म्हाताऱ्याचा फोन आला.”

मग ते जणू तोफ तिथं नाहीच असं समजून आईशी बोलू लागले. “आपण त्याच्या शहरात दुकान थाटतोय हे त्याला कळलंय. आणि तो समोरच्यांशी हात मिळवतोय. उद्या सह्या.”

समोरचे म्हणजे रस्त्यापलीकडच्या काचेच्या इमारतीतली वकील कंपनी. यांची जुनी वैरीण.

“कुणी सांगितलं त्यांना?” आईनं विचारलं.

“तेच विचारलं मी. म्हणाला, ‘सांगायला कशाला लागतं? कळलं.’ आणि वर जखमेवर मीठ, म्हणतो कसा, ‘मग, पाठवताय कुणाला?’” साहेबांनी डोळे चोळले. “गोष्ट या मजल्यावरच्या मोजक्या माणसांना माहीत होती. तुम्ही त्याच्या हाताखाली काम शिकलात. तो तुम्हाला मुलगी मानतो. तुम्हाला राहवलं नसेल तर आत्ताच सांगा.”

“मी नाही सांगितलं, साहेब.”

“मग घरातून फुटलं?” साहेबांची नजर सावकाश तोफेवर आली. “काय गं, मावशी कोण, ठाऊक आहे तुला?”

तोफेला खोटं बोलता यायचं नाही. नवीन नवीन तोंड फुटलेल्या माणसाचं तसंच असतं, जे आत असेल ते बाहेर येतं.

“हो,” ती म्हणाली.

आईच्या हातातून खुर्ची सुटली.

२

“तुला कुणी सांगितलं?” बाहेरच्या बोळात आईनं तिला छापायच्या यंत्राच्या आड ओढलं. यंत्र गरम श्वास सोडत होतं.

“कुणी नाही.”

“अगं, मग कळलं कसं?”

“घरात कळतं गं! कसं ते मला नाही सांगता येत. कळलं.”

आईनं डोळे मिटले आणि यंत्राला टेकली. तिला तिथंच उभ्या उभ्या झोप लागेल असं तोफेला वाटलं. गेले कित्येक दिवस आई जेवताना घास हातात धरून थांबायची आणि बाबांना म्हणावं लागायचं, “गिळ आता.”

“आई, मावशी हे नुसतं गुप्त नाव, खरं म्हणजे ते बंदराचं शहर ना? पण तिथं तर आपली माणसं आहेतच, ते वकील म्हातारेबुवा. मग दुकान कशाला?”

आईनं सुस्कारा सोडला. “हे बघ. आपली गिऱ्हाइकं आता परदेशात कारखाने काढतात, जहाजं घेतात. त्यांना तिकडेही वकील लागतो. मग आपल्यासारख्यांना तीन वाटा. एक, तिकडच्या कंपनीशी लग्न लावायचं. दोघांचं नाव एक, घर एक.”

“आणि भांडणही एक.”

“दोन, शेजारधर्म. आपलं तिकडचं काम त्यांना द्यायचं, त्यांचं इकडचं आपण करायचं. म्हातारेबुवांशी आपलं इतकी वर्षं तेच चाललंय. आणि तिसरी वाट म्हणजे त्यांच्याच गल्लीत आपलं स्वतंत्र बिऱ्हाड मांडायचं.”

“शेजारधर्म मोडून?”

“समोरच्यांनी तीन देशांत बिऱ्हाडं मांडली, मग साहेबांना वाटलं आपण मागे पडलो. बिऱ्हाड सांभाळायला कोण जाणार? मी. मला तिकडची भाषा थोडी येते, कायदा येतो, आणि...” आई थांबली. “आणि मला जायचंय. खोटं कशाला बोलू? पण बुवांना आपण ऐन वेळी सांगणार होतो. आधी कळलं तर ते कामं बंद करतील, माणसं तोडतील, ही भीती. झालंही तसंच.”

“मग आता?”

“संध्याकाळी सगळे भागीदार बसणार आहेत. कुणी फोडलं ते तोवर कळलं नाही तर दोष माझ्यावर. जाणं तर राहिलंच, इथलीही खुर्ची राहते का बघायचं.” तिनं तोफेच्या गालावरून हात फिरवला. “तुला आम्ही विचारणारच होतो. बाबांचा पूल अर्धा झालाय, ते काही येत नाहीत. माझ्याबरोबर यायचं की इथं राहायचं, ते तू ठरवायचंस. आता विचारायचीच गरज नाही म्हणा.”

ती निघून गेली. तिची चाल अशी, की जणू पायांत बूट नसून विटा आहेत.

तोफ यंत्राजवळ उभी राहिली. तिच्या मनात एक विचार डोकावला. आई गेली नाही तर तिला काहीच ठरवावं लागणार नाही. मस्त! आणि त्या ‘मस्त’ची तिला इतकी लाज वाटली, की ती तडक चालायला लागली. संध्याकाळपर्यंत वेळ होता. मोजकी माणसं होती. आणि तिच्याजवळ एक प्रश्न होता.

३

पहिले सापडले टेपवाले काका. हे ऑफिसचे व्यवस्थापक. खिशात कायम मोजपट्टीची टेप, खुर्ची हलली तरी आधी मोजायची मग हलवायची. नव्या बिऱ्हाडासाठी जागा बघायला तेच गुपचूप जाऊन आले होते. म्हणजे संशयाला सगळ्यात जवळचे!

“काका, शेवटचं शांत झोपलात कधी?”

“तिकडे जाऊन आल्यापासून नाही गं बाई.” काकांनी कपाळाला हात लावला. “कंपनीचं नाव सांगायचं नव्हतं ना. जागेच्या दलालानं विचारलं काय काढताय, तर माझ्या तोंडून गेलं, दातांचा दवाखाना.”

“दातांचा?”

“त्या दिवशी दाढ दुखत होती, दुसरं सुचलं नाही. आता तो माणूस सारखा फोन करतो. खुर्चीला पाणी कुठून आणायचं, चूळ भरायचं भांडं डावीकडे की उजवीकडे. कालच त्यानं भांड्याचं चित्र पाठवलंय. डोळा लागला की स्वप्नात तेच भांडं!”

तोफ हसून हसून वाकली. पण हसता हसता तिनं मनात काट मारली. दलालाला अजून दवाखानाच वाटत होता. तिथून काही फुटलं नव्हतं.

दुसऱ्या दुभाषी बाई. बंदराच्या शहरातल्या भाषेतून इकडे आणि इकडून तिकडे सगळी कागदपत्रं त्या करायच्या. त्यांची सख्खी बहीण तिकडेच नांदत होती. तोफ त्यांच्या खोलीत शिरली तेव्हा त्या लोकर विणत बसल्या होत्या. टेबल लख्ख, नुसतं फुलदाणी ठेवायची बाकी.

“मावशी, एक विचारू?”

बाईंच्या हातातली सुई गळली. “मावशी म्हणू नकोस! इथं त्या शब्दाला सकाळपासून बंदी आहे. माय मरो नि मावशी जगो म्हणत होते सगळे, आता बघ.”

“बरं, बाई. शेवटचं शांत झोपलात कधी?”

“खरं सांगू? आज दुपारी. आणि कालही दुपारी.” त्यांनी जांभई दिली. “दाराला कडी घालून खुर्चीतच. पूर्वी मान वर करायला फुरसत नसायची. हल्ली विणते. नातवाचा स्वेटर झाला, जावयाचा झाला, आता हा कुणाला घालायचा तेच कळत नाही.”

“म्हणजे मजा आहे तुमची.”

“मजा कसली? रिकाम्या हाताचा थकवा वेगळा असतो बाळ. कामानं दमलं की झोपेनं उतरतो, हा उतरत नाही.”

“तुम्ही बहिणीशी बोलता ना रोज?”

बाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. “तपास चाललाय वाटतं? बोलते. तिच्या सुनेबद्दल. त्यातून वेळ मिळाला तर वकिलांबद्दल बोलू.”

तोफ ओशाळून बाहेर आली. भागीदार सोडले तर मोजक्या माणसांतला आता एकच राहिला होता, घुबड.

घुबड म्हणजे आईच्या हाताखालचा तरुण वकील. म्हातारेबुवांच्या ऑफिसशी रोजचं बोलणं त्याच्याकडे. इकडे रात्र तेव्हा तिकडे दिवस, त्यामुळे जगाची निजानीज झाली की याचा फोन वाजायचा. सकाळी तो कामावर यायचा तो डोळे तांबारलेले, केस उभे. त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं.

तोफेनं दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच थबकली. खिडकीपाशी एक छान दाढी केलेला, गोबऱ्या गालांचा, टवटवीत माणूस शीळ घालत उभा होता.

“घुबडदादा?”

“ये ये!”

“तुम्ही शेवटचं शांत झोपलात कधी?”

“मी?” तो मनापासून हसला. “मी तर रोज झोपतो!”

४

संध्याकाळ जवळ आली तशी बातमी बोळातून सरपटत गेली. घुबड झोपतोय. सगळ्यांची झोप उडालेल्या या दिवसांत घुबड झोपतोय!

“ज्याची दुसरीकडे सोय झाली तोच असा झोपतो,” टेपवाले काका हळूच म्हणाले. मोठ्या साहेबांनीही तेच मनात धरलं. समोरच्यांनी त्याला नोकरी दिली असणार, बदल्यात त्यानं मावशी विकली. आईनंही घुबडाची बाजू घेतली नाही. तिच्या चेहऱ्यावर तोफेला एक भयंकर गोष्ट दिसली, सुटकेचा भाव. दुसऱ्याच्या माथी गेलं तर आपण सुटू.

आणि हे सगळं तोफेच्या एका प्रश्नामुळे. घुबडाचं तोंड उतरलं होतं. तो एवढंच म्हणत होता, “अहो, झोपणं गुन्हा आहे का? फोनच वाजत नाही तर मी जागून काय करू?”

ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

तोफ स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारू लागली. पैज जिंकली होती, पण जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. तिनं नळ बंद केला. तो गप्प झाला. थेंबसुद्धा नाही. आणि त्या शांततेत तिला घरचा नळ ऐकू आला.

घरच्या मोरीतला नळ कधीपासून टपटपत होता. बाबा पूल बांधणारे. गळकी गोष्ट त्यांना दिसली की पाना हातात घेतल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. पण परवा तोफेनं आठवण केली तर ते म्हणाले, “राहू दे गं आता.” तिच्या खोलीचा रंग उडाला होता. आई म्हणाली, “बघू नंतर.” पोहण्याच्या वर्गाची मुदत संपली, कुणी विषयच काढला नाही. घरात ‘जायचंय’ हा शब्द कुणी तोंडातून काढला नव्हता. पण जे व्हायला हवं होतं ते सगळं हळूहळू थांबलं होतं. आणि एक दिवस नळाखाली पेला धुताना तोफेला कळलं होतं.

कुणी सांगितलं नव्हतं. कळलं होतं!

“अगं बाई!” तोफ आरशातल्या स्वतःकडे बघून ओरडली. मग ओल्या हातांनीच धावत सुटली.

५

मोठ्या खोलीत भागीदार जमले होते. लांब टेबल, त्याच्या दोन्ही बाजूंना दमलेले चेहरे. घुबडाला, दुभाषी बाईंना आणि टेपवाल्या काकांना भिंतीशी बसवलं होतं. साहेब नुकतेच म्हणाले होते, “तुम्ही उद्यापासून येऊ नका,” आणि घुबड उठत होता.

“थांबा!”

“बाळ, बाहेर जा,” आई म्हणाली.

“नाही जाणार. साहेब, तुमची मुलाखत अर्धी राहिलीय!”

कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी हात हलवला. पोरीला हाकलायचं म्हणजे पुन्हा उठावं लागलं असतं. “विचार.”

“म्हातारेबुवांनी तुम्हाला विचारलं ना, पाठवताय कुणाला?”

“चिडवायला विचारलं.”

“नाही! त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी आठवडाभर इथं बसलेय. चहाच्या यंत्रापाशी, जिन्यात, गुपित ठाऊक असलेल्यांच्या तोंडी एकच. आई जाणार, आईला पाठवतात, हिलाच का, मला का नाही.” दोन भागीदारांनी माना खाली घातल्या. “फोडणाऱ्यानं सगळ्यात आधी हेच फोडलं असतं. आईनं फोडलं असतं तरी हेच. आणि घुबडदादा तर तिच्याच हाताखाली. म्हणजे त्यांना आतलं कुणी काही सांगितलेलं नाही.”

खोलीत कुजबूज झाली. साहेब पहिल्यांदाच खुर्चीत सरळ बसले. “मग कळलं कसं?”

“जसं मला कळलं. आमचा नळ गळतोय.”

तिनं नळाचं सांगितलं, रंगाचं सांगितलं. आई टेबलाकडे बघत राहिली. मग तोफ घुबडाकडे वळली. “दादा, तुमचा फोन पूर्वी रोज वाजायचा. मग?”

“मग कमी झाला. मग बंदच. आपण काम पाठवलं की ते शंका विचारायला फोन करतात. काम गेलं नाही, फोन आला नाही.”

“बाई, तुम्ही विणता का?”

“भाषांतर करायला कागद येत नाही म्हणून!” दुभाषी बाई ताडकन म्हणाल्या. मग त्यांचा हात तोंडाकडे गेला. “अगोबाई.”

“दादांना वाटलं नशीब उघडलं. बाईंना वाटलं आपलं वय झालं. पण फोनला दोन टोकं असतात ना, साहेब? इतकी वर्षं रोज येणारं काम यायचं थांबलं. भांडण नाही, तक्रार नाही, आणि काम नाही. इकडे घुबडदादा झोपायला लागले, तेव्हाच तिकडे म्हातारेबुवा जागे झाले असणार. शेजारीण रोज यायची ती यायची बंद झाली आणि गोड बोलायला लागली, की समजावं तिच्या मनात काहीतरी आहे. आमची आजी म्हणते.”

कुणी हसलं नाही.

“तोंड कुणीच उघडलं नाही,” तोफ म्हणाली. “हात आखडता घेतला. कुणी घेतला ते मला माहीत नाही.”

हे मात्र पूर्ण खरं नव्हतं. तिला एक नाव माहीत होतं. मागे एकदा आई फोनवर म्हणाली होती, “जहाजाचं प्रकरण राहू दे इथंच, नंतर बघू.” तोफ आता आईकडे बघत नव्हती. जे सगळं बाहेर येतं त्यातली ही एक गोष्ट तिनं दातांखाली धरून ठेवली होती.

आईनंच हात वर केला. शाळेतल्या मुलीसारखा.

“जहाजाचं प्रकरण मी थांबवलं. बुवांना देणार होते. मग वाटलं, नव्या ऑफिसचा पहिला दिवस रिकाम्या टेबलानं कशाला उजाडायचा? एकच तर आहे.”

टेबलाच्या टोकाकडून एक घसा खाकरला. “कारखान्याचं मीही ठेवलं होतं. एकच.” त्याच्या शेजारचा म्हणाला, “माझ्याकडे विम्याचं आहे.” एकेक हात वर होत गेला. प्रत्येकानं एकच प्रकरण दाबून ठेवलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं एकानं काय होतंय!

शेवटी साहेबांनीच हात उचलला. “माझी दोन,” ते म्हणाले. “म्हणजे चोर शोधायला बसलेली सगळी पंगतच चोरांची.” त्यांनी घुबडाकडे बघितलं. “बस रे. चुकलं माझं.”

मग त्यांनी फोन आईपुढे सरकवला. “लावा त्याला. तुमचं ऐकेल.”

“नाही साहेब,” आई म्हणाली. “मैत्री तुमची आहे. माझं मी नंतर बोलेन.”

साहेबांनी फोन लावला. तिकडे नुकतंच उजाडलं होतं. म्हातारेबुवा चिडले की स्वतःच्याच भाषेत बोलायचे, म्हणून दुभाषी बाई पुढे सरकल्या. लोकरीचा गुंडा त्यांच्या मांडीवर तसाच होता.

साहेब पाल्हाळ न लावता म्हणाले, “आम्ही तुझं काम दाबून ठेवलं. सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.”

पलीकडून एक लांबलचक वाक्य आलं.

“ते म्हणतात,” बाई सपाट आवाजात म्हणाल्या, “तू गाढव आहेस.” त्यांनी कान देऊन पुढचं ऐकलं. “पुढचं मी सांगत नाही, मुलगी बसलीय.” मग त्या फोनकडे आणखी वाकल्या. “आता विचारतात, तुला झोप लागते का रे?”

साहेबांनी तोफेकडे बघितलं. “नाही,” ते फोनमध्ये म्हणाले.

“म्हणतात, मलाही नाही.”

आणखी बरंच बोलणं झालं. समोरच्यांच्या सह्या आठवडाभर पुढे ढकलतो, बुवा म्हणाले. तोवर पटलं तर गल्लीत बिऱ्हाड नको. पोरीला पाठव, ती माझ्या घरात बसेल, माझ्याच माणसांत. तुमचं काम तीच बघेल आणि आमचं तिकडचं तुमच्याकडे तीच पाठवेल. वर्षभर बघू, जमलं तर लग्न, नाही तर शेजारधर्म. पण यापुढे जे असेल ते सांगायचं.

“पोरीला म्हणजे?” साहेबांनी विचारलं.

“ते म्हणतात,” दुभाषी बाई आईकडे बघून हसल्या, “मी शिकवलेली पोर. कुणाला पाठवायचं ते आता तरी समजलं ना?”

टेपवाल्या काकांनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला, की सगळ्यांनी वळून बघितलं. “दवाखाना रद्द!” ते म्हणाले.

६

घरी तिघं जेवायच्या टेबलाशी बसली होती. आईचं सगळं सांगून झालं होतं. बाबांच्या बोटांना पुलावरचं सिमेंट अजून चिकटलेलं होतं. दोघं इतकी दमली होती, की आनंदसुद्धा त्यांना बसूनच करावा लागत होता. मोरीतला नळ टपटपत होता.

“मग,” बाबा म्हणाले.

“मग काय,” आई म्हणाली.

दोघंही तोफेकडे न बघता बोलत होती. तोफेला कळलं. आई मनातून म्हणत होती, चल माझ्याबरोबर. बाबा मनातून म्हणत होते, राहा इथंच. आणि दोघंही तिला जड होऊ नये म्हणून गप्प होती. असंच चाललं असतं तर दोघांनी आपापला हात आखडता घेतला असता, आणि आईनं कदाचित एक दिवस म्हटलं असतं, राहू दे, नाहीच जात मी.

मुखदुर्बळ मुलीनं वाट बघितली असती. कळेल त्यांना हळूहळू, असं म्हटलं असतं.

तोफ उठली. मोरीत गेली, नळाखाली बादली सरकवली आणि परत येऊन दोघांच्या मधोमध उभी राहिली.

“कळायच्या आधी सांगून टाकते. मी ठरवलंय. आई, तू जायचंस. मी तुझ्याबरोबर येणार नाही. शाळा संपेपर्यंत मी इथं बाबांजवळ राहणार, आणि तुझी आठवण आली तर गप्प बसणार नाही, तिकडे रात्र असली तरी फोन करणार. झोप उडाली तर उडाली. आणि बाबा, उद्या सकाळी नळवाला येतोय. मीच बोलावलाय.”